चपलेतला तुरीचा दाणा

एक लहानसा प्रयोग वर्गात करून पाहा. चार-पाच मुलांच्या चपलेत, टाच टेकते त्या जागी, तुरीचा एकेक दाणा चिकटपट्टीने बसवा आणि त्यांना व्हरांड्यातून पन्नास पावले चालायला सांगा. बाकीच्यांनी त्यांच्या चालीकडे नीट लक्ष द्यावे. दहा-बारा पावलांतच चाल बदललेली दिसेल. कोणी टाच उचलून चालेल, कोणी पाय वाकडा टाकेल. ‘असे चाल’ म्हणून कोणी सांगितलेले नसते. टोचल्याची वर्दी मज्जातंतूंनी मेंदूला दिली आणि मेंदूने भार दुसरीकडे सरकवला, इतकेच.

आता ही वर्दी पोचलीच नाही तर काय होईल, हा प्रश्न मुलांना विचारा. दाणा टोचत राहील, त्वचा घासत राहील, माणूस मात्र खुशाल चालत राहील. संध्याकाळी पायाला फोड, चार दिवसांनी जखम आणि दुर्लक्ष झाले तर पुढे हाडापर्यंत पोचणारा व्रण! तुरीच्या धसकटांतून, पऱ्हाटीच्या शेतातून अनवाणी फिरणाऱ्या यवतमाळच्या शेतमजुराच्या बाबतीत ही केवळ कल्पना नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झालेल्या माणसाचे पाय असेच झिजतात. बोटे रोगजंतू खात नाहीत. वेदनेची राखण गेल्यामुळे वारंवार होणाऱ्या जखमा व त्यांतला जंतुसंसर्ग ती संपवतात.

हा रोग बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत बरा होतो आणि औषध मोफत मिळते. परंतु उपचाराला उशीर झाला तर मज्जातंतूचे नुकसान उरते. जंतू मरतात, पाय बधिर राहतो. औषधाचे काम येथे संपते. त्यानंतर या माणसाने उरलेले आयुष्य आपल्या पायावर उभे राहून काढावे यासाठी जे करायचे असते, तो या लेखाचा विषय आहे. ते शास्त्र आहे, आणि शिकून घेण्याचा व्यवसायही आहे.

चप्पल कशी असावी?

बधिर पायाची चप्पल हा विज्ञानाच्या तासाला घेण्यासारखा धडा आहे. आतला तळ सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराचा असतो. त्यामुळे भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो आणि दाब कमी होतो. (दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे मुलांना पाठच असते!) बाहेरचा तळ कठीण असतो, म्हणजे काटा आरपार जात नाही. टाचेमागे पट्टा असतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. आणि शिवताना खिळा वापरायचा नाही, कारण तोच आत टोचेल.

गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूने जाणारा मज्जातंतू निकामी झाला तर पाऊल उचलले जात नाही, ते लोंबते. यासाठी एका स्नायूची कंडरा हलवून दुसऱ्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. अशा शस्त्रक्रियांचा पाया वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस घातला. गंमत अशी की, पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूला आता पाऊल वर उचलायचे काम मिळालेले असते. मेंदूला हे नव्याने शिकवावे लागते. शल्यचिकित्सकाचे काम काही तासांचे. त्यानंतर कित्येक आठवडे रुग्णासोबत बसून ‘आता उचला, आता सोडा’ म्हणणारा भौतिकोपचारतज्ज्ञ नसेल, तर सारी मेहनत वाया जाते.

सेवेची परंपरा आणि आजची गरज

यवतमाळच्या आजूबाजूला या कामाची मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये आणि वणीपासून जवळच असलेल्या वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे यांनी 1951 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. ही माणसे स्वतःच्या जिद्दीने या कामात पडली. पण प्रत्येक तालुक्यात असे एकेक माणूस निपजेल, याची वाट पाहत बसता येत नाही. तालुक्या-तालुक्याला हवीत शिकलेली, पगार घेणारी आणि रोज वेळेवर कामावर येणारी माणसे.

किती लोकांसाठी? हे गणित मुलांनाच करू द्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 11.24 कोटी व अपंग व्यक्ती सुमारे 29.6 लाख होत्या. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 27.7 लाख होती. राज्याचेच प्रमाण धरले तर जिल्ह्यात सुमारे 73 हजार व्यक्ती येतात. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, केवळ अंदाज आहे. शिवाय 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले. विदर्भातील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आता त्यांत आहे. 2011 च्या गणनेत त्याला वेगळा रकाना नव्हता.

मागच्या बाकावरचा विद्यार्थी

या 73 हजारांपैकी काही आपल्याच वर्गात बसलेले असतात. हाक मारली की ओ देतो, पण शुद्धलेखनात ‘सात’ आणि ‘हात’ यांत गोंधळ घालतो, असा विद्यार्थी आपल्यापैकी अनेकांना आठवेल. स्वर ठसठशीत असतात; ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने क्षीण व उच्च कंप्रतेची. श्रवणशक्ती थोडी कमी झाली की आधी हीच गळतात. मुलाला आवाज येतो, शब्द कळत नाही. आपण त्याला ‘मठ्ठ’ किंवा ‘लक्ष नसलेला’ म्हणतो.

त्याच्या कानाची कंप्रतेनुसार तपासणी करणे, तिच्या आलेखाप्रमाणे श्रवणयंत्र जुळवणे, कान वाढेल तसा साचा बदलणे आणि मग ऐकलेल्याला अर्थ जोडायला शिकवणे, हे श्रवण व वाचा तज्ज्ञाचे काम आहे. यंत्र दिले आणि जुळवणी झाली नाही, तर ते आठवडाभरात पेटीत जाऊन पडते. बोलणे शिकण्याची पहिली वर्षे फार मोलाची असतात. ती निसटली तर नंतर दुप्पट कष्ट करूनही पुरती भरपाई होत नाही.

वाटा कोणत्या?

बारावी विज्ञानानंतर श्रवण व वाचाशास्त्राची पदवी घेता येते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना 1983) यासाठी प्रसिद्ध आहे. कृत्रिम अवयव व आधारसाधने तयार करण्याची पदवी मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय संस्थेत मिळते. भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांचे शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. विज्ञान शाखा नसलेल्यांना विशेष शिक्षक होता येते. सांकेतिक भाषेचा दुभाषी हाही मार्ग आहे. विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ यांसारख्यांना 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. प्रवेशाचे नियम बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, याची खात्री करून घ्यावी.

विद्यार्थ्याला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळांमधील विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर काम केले आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरवून दिले. ते गावोगावी प्रत्यक्षात आले तर हा व्यवसाय स्थिर होईल. तोवर या वाटेला जाणाऱ्याने चिकाटीची तयारी ठेवावी. दयाळूपणापेक्षा येथे मोजमाप, नोंद आणि पुन्हा पुन्हा तेच करण्याचा संयम अधिक उपयोगी पडतो. आणि ज्याच्यासाठी काम करायचे त्याला विचारूनच ते करायचे असते. चप्पल कोठे टोचते ते बनवणाऱ्याला दिसत नाही. डोळ्यांनी रोज पाय तपासणारा, वापरणारा माणूसच ते सांगू शकतो.

शिक्षकांना एवढे करता येईल. वर्गातील प्रत्येक मुलाची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. बधिर चट्टा दिसला तर मुलाला न रागावता, न लपवता आरोग्य केंद्रात न्यावे. आणि दहावी-बारावीच्या मुलांना डॉक्टर, इंजिनिअर यांच्यासोबत हीही नावे सांगावीत. घरात अपंग भाऊ, आजोबा किंवा आई असलेली मुले या कामाची अर्धी शाळा घरीच शिकलेली असतात. ‘याचा व्यवसाय होऊ शकतो’ हे त्यांना कोणीतरी सांगायचे तेवढे राहिलेले असते.