ई-मेलचा पत्ता आपला, पासवर्डही आपलाच हवा

नांदेड/लातूर : परीक्षा आणि प्रवेशाच्या अर्जांचे दिवस आले की नांदेड व लातूर येथील ऑनलाइन सेवा केंद्रांवर विद्यार्थी व पालकांची गर्दी होते. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसह बहुतेक अर्जांत मोबाईल क्रमांकासोबत ई-मेल पत्ता मागितला जातो. घरात कोणाचाच ई-मेल नसेल, तर अनेकदा केंद्रचालकच तो तयार करून देतो. अर्ज भरला जातो. पासवर्ड मात्र केंद्रचालकाच्या वहीत राहतो. पुढे याच पत्त्यावर महत्त्वाची सूचना आली, तर विद्यार्थ्याला तिचा पत्ताच लागत नाही. म्हणूनच ई-मेलमधील मूलभूत संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे.

पत्त्याचे दोन भाग

ई-मेल पत्त्याच्या मध्यभागी 'अ‍ॅट' हे चिन्ह असते. अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये त्याचा या कामासाठी प्रथम वापर केला. चिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे युजरनेम, अर्थात आपले नाव. नंतरचा भाग म्हणजे डोमेन, अर्थात ते नाव जेथे नोंदलेले आहे ते ठिकाण. डोमेनवरून पाठवणाऱ्याची ओळख पटण्यास मदत होते. 'जीओव्ही डॉट इन' हे शासकीय कार्यालयांचे, तर 'एसी डॉट इन' हे शैक्षणिक संस्थांचे डोमेन असते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे डोमेन याच प्रकारचे आहे. पत्त्यात एक अक्षर चुकले तरी पत्र परत येते किंवा भलत्याच व्यक्तीच्या हाती पडते.

पत्र कोठे असते?

पाठवलेले पत्र थेट समोरच्याच्या संगणकात जात नाही. ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत सुरू असणाऱ्या मोठ्या संगणकावर, जाऊन थांबते. त्यामुळे लातूरमध्ये उघडलेले खाते पुण्याच्या वसतिगृहातूनही पाहता येते. मात्र याच कारणाने ज्याच्याकडे पासवर्ड आहे, तो कोठूनही आपली पत्रे वाचू शकतो. सार्वजनिक संगणकावरून उठताना 'साइन आउट' करणे त्यासाठीच गरजेचे असते.

नेहमीचे शब्द

आलेली पत्रे 'इनबॉक्स'मध्ये, पाठवलेली 'सेंट'मध्ये, तर अर्धवट लिहिलेले मसुदे 'ड्राफ्ट्स'मध्ये राहतात. 'सब्जेक्ट' म्हणजे कार्यालयीन पत्रातील विषयाची ओळ. 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. शासकीय पत्राखाली 'प्रत माहितीस्तव' असे लिहितात, तोच हा प्रकार. 'बीसीसी'मध्ये ज्याला प्रत पाठवली, त्याचे नाव इतरांना दिसत नाही. 'रिप्लाय'ने उत्तर फक्त पाठवणाऱ्याला जाते, 'रिप्लाय ऑल'ने सर्वांना. 'फॉरवर्ड' म्हणजे आलेले पत्र तिसऱ्याकडे धाडणे. पत्रासोबत जोडलेले छायाचित्र वा गुणपत्रिका म्हणजे 'अ‍ॅटॅचमेंट'. जीमेलवर त्यासाठी २५ एमबीची मर्यादा आहे.

नको असलेली जाहिरातवजा पत्रे 'स्पॅम'मध्ये टाकली जातात. कधीकधी कामाचे पत्रही तेथे जाऊन पडते आणि जीमेल ३० दिवसांनी ते आपोआप पुसून टाकते. प्रवेशाच्या काळात स्पॅमवरही नजर टाकावी, ती यासाठी.

एवढे कराच

खाते दुसऱ्याने उघडून दिले असल्यास घरी येताच पासवर्ड बदलावा. 'रिकव्हरी'साठी, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्यासाठी, स्वतःचा किंवा पालकांचा मोबाईल क्रमांक नोंदवावा. सिमकार्ड बदलल्यास तो क्रमांकही बदलावा. नुसता पासवर्ड बदलून रिकव्हरीचा क्रमांक केंद्रचालकाचाच राहिला, तर खात्याची किल्ली त्याच्याकडेच राहते. पासवर्ड वा ओटीपी मागणाऱ्या पत्राला उत्तर देऊ नये. कोणतीही बँक किंवा परीक्षा मंडळ तो ई-मेलवर मागत नाही. तसेच दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल बंद करू शकते. अर्ज भरून झाला तरी ते अधूनमधून उघडत राहावे.