लळा न लावता वाढवलेली अस्वलं

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना दरवेशी नक्की आठवत असेल. नाकात दोरी ओवलेलं अस्वल, दरवेशाच्या हातात काठी आणि मुलाच्या ताईतात घालायला अस्वलाचे चार केस मागणाऱ्या आया. त्या अस्वलाची आई कुठे गेली, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. पिल्लू मिळवण्यासाठी बहुतेक वेळा तिला मारलेलं असे. २००९मध्ये देशातलं शेवटचं नाचणारं अस्वल सोडवण्यात आलं, असं मानलं जातं. पण अशी अस्वलं सोडवली तरी रानात गेली नाहीत. त्यांची रवानगी आग्र्यासारख्या ठिकाणच्या निवारा केंद्रांत झाली. दात तोडलेलं आणि माणसाच्या हातून खायला शिकलेलं अस्वल रानात टिकत नाही.

मग आई गमावलेलं पिल्लू परत रानात जाऊच शकत नाही का? जाऊ शकतं. त्यासाठी माणसाला त्याच्याशी काहीशा कठोरपणे वागावं लागतं, एवढंच.

हे कसं करायचं, ते रशियात त्वेर प्रांतातल्या बुबोनित्सी नावाच्या छोट्याशा खेड्यात दिसतं. वॅलेंटिन पाझेत्नोव या जीवशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तपकिरी अस्वलाची अनाथ पिल्लं वाढवली आणि त्यांच्यासोबत जंगलात राहून ती काय शिकतात, कसं शिकतात याच्या नोंदी ठेवल्या. पुढे त्याने आणि त्याच्या कुटुंबाने बुबोनित्सीत अनाथ पिल्लांसाठी केंद्र उभारलं. तिथून आजवर दोनशेहून अधिक पिल्लं जंगलात परत गेली आहेत.

तिथे पिल्लं अनाथ होतात ती ऐन हिवाळ्यात. मादी गुहेत शीतनिद्रेत असतानाच, साधारण जानेवारीत विते. नवजात पिल्लू जेमतेम अर्धा किलोचं, डोळे मिटलेलं. शिकाऱ्यांनी मादीला गुहेतच गाठलं किंवा जवळ झाडतोड सुरू झाल्याने ती बिथरून पळाली, की मागे ही पिल्लं उरतात. पळालेली मादी पुष्कळदा परत येत नाही.

पहिला प्रश्न दुधाचा. आपल्याकडे कोणतंही पिल्लू सापडलं की वाटीत गाईचं दूध येतं. पण गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास असतो, तर अस्वलाच्या दुधात वीस टक्क्यांच्या घरात, काही वेळा त्याहूनही जास्त. उलट दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, अस्वलाच्या दुधात फारच कमी असते. गाईच्या दुधातली ही साखर पिल्लाला पचत नाही, हगवण लागते आणि इतक्या लहान जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं. अनाथ पिल्लाचा जीव उपासमारीने जातो तसा या चुकीच्या मायेनेही जातो.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. गुहेतून बाहेर पडण्याच्या वयात जो ऊब आणि अन्न देतो, त्याच्या मागे मागे पिल्लू जाऊ लागतं. आई असेल तर आईच्या, माणूस असेल तर माणसाच्या. म्हणून बुबोनित्सीत पिल्लांजवळ जाणारी माणसं अंग झाकणारा ठरावीक पोशाख आणि हातमोजे घालतात, बोलत नाहीत. बाटली शक्य तितक्या लवकर सुटून खाणं भांड्यातून मिळू लागतं, म्हणजे अन्न आणि हात यांची गाठ पडत नाही. कुरवाळणं नाही, नाव घेऊन हाका मारणं तर नाहीच. पिल्लं एकमेकांच्या संगतीत वाढतात. खेळ, मारामारी, ऊब सगळं आपसात. थोडी मोठी झाली की जंगलाचाच तुकडा कुंपण घालून त्यांना दिला जातो. तिथे ती झाडावर चढतात, ओंडके उलटून किडे शोधतात.

सोडताना ती वर्षाचीही नसतात. एरवी या वयाची पिल्लं आईसोबतच हिंडतात. तरी त्यांचं निभावतं, कारण बरंचसं ज्ञान ती जन्मतःच घेऊन आलेली असतात. हिवाळ्याआधी बिळासारखी जागा शोधून आत मऊ बिछाना करायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. माणसाला घाबरणं मात्र टिकवावं लागतं. माणसाला न भिणारं अस्वल वस्तीत शिरतं आणि गोळी खातं.

आपल्या अरुणाचल प्रदेशात वाट थोडी वेगळी आहे. पक्के व्याघ्र प्रकल्पात २००२पासून वनविभाग आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया मिळून छातीवर पांढरा चंद्र असलेल्या काळ्या अस्वलांच्या पिल्लांसाठी केंद्र चालवतात. शिकारीत आई गेलेली ही पिल्लं कधी कधी गावातल्या घरात काही काळ राहून मग इथे पोचतात. माणसाची सवय आधीच लागलेली. तेव्हा इथे तीच सवय वापरून घेतात. राखणदार रोज पिल्लांना जंगलात हिंडवतो. ती आधी त्याच्या पायात घुटमळतात, मग फळं, मुंग्या शोधत लांब जाऊ लागतात. काही महिन्यांनी एखादं पिल्लू रात्री परतत नाही. राखणदाराला वाईट वाटत असेल, पण इतके महिने तो याचीच तर वाट पाहत असतो.

दोन्ही पद्धतींच्याही आधी येतं ते पिल्लू खरंच अनाथ आहे का, हे पाहणं. जुन्नर भागात ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची पिल्लं संध्याकाळी त्याच शेतात ठेवली, की कितीदा तरी मादी येऊन ती घेऊन गेली आहे. माणसाचा हात लागला म्हणून तिने टाकलेली नाहीत. विदर्भात मोहफुलं वेचायला पहाटे निघणाऱ्यांना अस्वलं भेटतात. लहान पिल्लं बिळात ठेवून मादी चरायला जाते, थोडी मोठी झाली की पाठीवर घेऊन हिंडते. तेव्हा एकटं पिल्लू दिसलं तर ती जवळपास असण्याची शक्यता धरून शांतपणे मागे सरकावं. उचलू नये, दूध पाजू नये, फोटोसाठी थांबू नये. लांब गेल्यावर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं.