विश्वाचा अंत : विज्ञानाचे भाकीत आणि ख्रिस्ती आशा

शाळेत सूर्य विझणार असे शिकवितात व चर्चमध्ये प्रभू पुन्हा येणार असे सांगतात. मग खरे काय मानावे? गुलबर्गा-बीदर भागातील धर्मशिक्षकांना विद्यार्थ्यांचा हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी विज्ञान काय म्हणते ते नीट समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपण ज्या शहाबादी फरशीवर गुडघे टेकतो, ती याच जिल्ह्यातील. ही चुनखडी प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचली. दख्खनच्या काळ्या कातळाला सुमारे ६.६ कोटी वर्षे झाली आहेत. फरशीचा थर त्याच्याखाली आढळतो, म्हणजे तो त्याहूनही जुना आहे. समुद्र गेला, दगड उरला. सृष्टी बदलते याची साक्ष आपल्या पायाखालीच आहे.

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. त्याचे तेज दर १०० कोटी वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी वाढते. म्हणून आणखी सुमारे १०० कोटी वर्षांनी पृथ्वीवरील महासागर आटू लागतील असा अंदाज आहे. सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बुध व शुक्र यांना गिळील आणि शेवटी श्वेत बटू म्हणून निवत जाईल.

विश्वाचा काळ याहून फार मोठा आहे. ते सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीपासून प्रसरण पावत आहे, आणि हे प्रसरण वेग घेत असल्याचे १९९८ साली दिसून आले. असेच चालल्यास दूरच्या दीर्घिका दृष्टीआड होतील. एकावर १४ शून्ये इतक्या वर्षांच्या सुमारास अखेरचे तारे विझतील. स्टीफन हॉकिंग यांच्या १९७४ च्या सिद्धांतानुसार कृष्णविवरेही झिजतात. सर्वांत मोठ्यांना एकावर १०० शून्ये इतकी वर्षे लागतील. मळखेडच्या अमोघवर्ष राजाच्या काळातील गणिती महावीराचार्य यांनी नवव्या शतकात २४ स्थानांपर्यंतच्या संख्यांना नावे दिली. ताऱ्यांचा अंत त्या मोजणीत बसतो. कृष्णविवरांचा मात्र बसत नाही.

ही भाकितेही अंतिम नव्हेत. प्रसरणाला वेग देणारी 'कृष्ण ऊर्जा' कालांतराने क्षीण होत असावी, असे संकेत २०२४ व २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून मिळाले आहेत. तसे असल्यास शेवटही निराळा असू शकेल. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी तर महास्फोटाच्या सिद्धांतालाच दीर्घकाळ आव्हान दिले.

यातून आपण एक धडा घ्यावा. महास्फोटाच्या कल्पनेचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे स्वतः धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्मश्रद्धेच्या प्रश्नापासून अलिप्त आहे, अशी त्यांची भूमिका होती. आरंभाविषयी जे खरे, तेच अंताविषयीही खरे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील अग्नी म्हणजे फुगलेला सूर्य, असे प्रवचनात सांगणे आकर्षक वाटेल. परंतु उद्या गणित बदलले, तर ऐकणाऱ्याची श्रद्धाही डळमळेल. संत ऑगस्टीन यांनीही आकाशाविषयी अज्ञानाने बोलून पवित्र शास्त्राची हेटाळणी ओढवून घेऊ नये, असा इशारा दिला होता.

तरी एक अडचण उरतेच. विज्ञानाच्या चित्रात शेवटी थंडी व काळोख आहे. आपल्या विश्वासांगीकारात मात्र मृतांचे पुनरुत्थान आहे. हे दोन्ही एकच, असे आम्ही म्हणत नाही. सृष्टी आपल्या बळावर आपले तारण करू शकत नाही, इतके पहिले चित्र दाखविते. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौल कण्हणाऱ्या सृष्टीची मुक्तता देवाकडूनच अपेक्षितो. ज्याने शून्यातून निर्माण केले, त्याला विझलेल्या ताऱ्यांची अडचण ती काय?

यासाठी धर्मशिक्षकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. अंताची तारीख कोणी सांगू लागल्यास मार्क १३:३२ उघडून दाखवावे. विज्ञानाचा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाकडे निःसंकोच पाठवावा. आणि नव्या पृथ्वीच्या आशेने या पृथ्वीची काळजी मंदावू नये, ही व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची शिकवण मुलांच्या मनावर बिंबवावी. महासागर आटण्यास १०० कोटी वर्षे आहेत. आपल्या गावच्या विहिरी मात्र उन्हाळ्यातच आटतात.