जोखीम कोणाची? : तळेगावच्या एका कारखान्याच्या निमित्ताने

पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ हा हुंडीचा एक प्रकार रूढ होता. गलबतावर माल चढविणारा व्यापारी मालाच्या किमतीची हुंडी लिहून ती विकीत असे. माल सुखरूप पोहोचला तरच ती वटे. गलबत बुडाल्यास हुंडी घेणाऱ्याचा पैसा बुडे. या व्यवहाराने समुद्रातील धोका तिळमात्र कमी होत नसे. तो कोणी सोसावयाचा, एवढेच आधी ठरे, आणि सोसणाऱ्यास त्याचा मोबदला मिळे. प्रकल्पव्यवस्थापनाच्या आजच्या कोष्टकांतही जोखमीचा धनी कोण, हे सांगणारा रकाना असतो. पण त्यात नाव असते ते अधिकाऱ्याचे, नुकसान ज्याच्या घरी पोहोचते त्याचे नव्हे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याची वाढ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी सरकारी भांडवलावर स्थापन झाली. पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जमीन संपादून, रस्ते व पाणी पुरवून उद्योजकास तयार भूखंड देण्याची पद्धत घातली. उद्योजकाच्या शिरावरील जोखमीचा मोठा भाग त्यामुळे उतरला. मात्र तो नाहीसा झाला नाही. शेतकऱ्याने एकरकमी मोबदल्यावर जमीन सोडली, आणि पुढे वाढलेल्या किमतीवरील त्याचा हक्कही तेथेच संपला.

चाकणलगतच्या तळेगावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ साली सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबविली; निर्यातीसाठी चाललेले उत्पादनही डिसेंबर २०२० मध्ये बंद पडले. दरम्यान, जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी विक्रीचा करार झाला होता. परंतु एप्रिल २०२० मध्ये भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीस सरकारी संमती आवश्यक ठरली. ती न मिळाल्याने २०२२ मध्ये करार संपुष्टात आला. बाजाराचा अंदाज चुकणे ही परिचित जोखीम होय. सीमेवरील राजकारणाने कारखान्याचे गिऱ्हाईक हिरावले जाणे, हे २००८ च्या कोणत्या कोष्टकात असणार?

तरीही २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. याचे एक कारण पट्ट्याच्या घडणीत शोधता येते. येथील सुटे भाग बनविणारा कारखानदार जर अनेक कंपन्यांस माल देत असेल, तर एक गिऱ्हाईक गेल्याने तो कोसळत नाही. एकाच मोटारीसाठी साचे करून बसलेल्यास मात्र ती मोटार बंद होताच ते साचे भंगारात काढावे लागतात. म्हणजे एकाची आपत्ती दुसऱ्याची संधी होण्यास आजूबाजूस कुशल हात व पुरवठादार टिकून राहावे लागतात.

कारखान्यास नवा धनी मिळाला. बंदीच्या वेळी तेथे असलेल्या कामगारांच्या संघटनेस मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागली. जोखमी हुंडी घेणारा निदान ती किंमत ठरवून घेत असे. या कामगारांच्या वेतनात बंदीच्या जोखमीचा मोबदला कधी धरलेला नव्हता.