एका गंजातलं जेवण

तिगावचं स्टेशन सोडलं की नागपूर–इटारसी लोहमार्ग चिचोंड्याच्या दिशेने सातपुड्याचा घाट चढू लागतो. घाटाच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा, कपाशी आणि तुरीची शेतं. १९५६ साली राज्यांची नव्याने आखणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि तिगावसह पांढुर्णा-सौंसरचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. इथल्या स्वयंपाकघरांची बोली मात्र नागपूरकडचीच आहे. पातेल्याला इथे गंज म्हणतात, कोथिंबिरीला सांबार. आणि दिवसभर शेतात राबून आल्यावर रात्री काय करायचं, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘फळं’.

फळं म्हणजे वरणफळं. तुरीची डाळ शिजवून घोटायची, मोहरी-जिरं-लसूण-हिंगाची फोडणी द्यायची, हळद-तिखट-मीठ घालून वरण सैलसर करायचं. कणीक घट्ट भिजवून पोळी लाटायची आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. काही घरांत छोट्या पुऱ्या लाटून त्यांना चिमटे काढतात, म्हणजे प्रत्येक फळाला खळगा पडतो आणि त्यात वरण साचतं. वरण खळखळ उकळू लागलं की फळं एकेक करून सोडायची आणि दहाएक मिनिटं शिजू द्यायची. वरून तूप, नाहीतर लसूण आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी. पोळ्या वेगळ्या लाटायला नकोत, भाजी वेगळी करायला नको, आणि घासायला भांडंही एकच.

पश्चिम महाराष्ट्रात याच पदार्थाला चकोल्या म्हणतात, गुजरातेत दाळढोकळी, बिहारमध्ये दाल-पिठ्ठी. पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी पक्की आहे. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते गव्हातून मिळतं.

आता शहरांतल्या आणि परदेशातल्या अनेक घरांत आठवड्यातून एखाद्या रात्री होणारा पदार्थ पाहा: एकाच भांड्यात शिजवलेला सॉसेज पास्ता. नाव परकं वाटतं. पण भांड्यात डोकावलं तर काम तेच चाललेलं दिसतं. गव्हाच्या पिठाचे तुकडे चवदार, उकळत्या पाण्यात पडतात, शिजता शिजता ते पाणी पितात आणि उरलेल्या पाण्याचं दाट कालवण होतं. ज्या घरात फळं जमतात, त्या घरात हा पास्ताही जमायलाच हवा.

यातलं खरं काम स्टार्च करतो. गव्हाच्या पिठात स्टार्चचे बारीक कण असतात. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी शोषून फुगू लागतात आणि त्यांतला काही स्टार्च पाण्यात उतरतो. त्यामुळे पाणी दाट होतं, आणि त्यातलं तेल किंवा तूप वेगळं न तरंगता पाण्याशी मिळून येतं. वरणफळं थोडा वेळ तशीच ठेवली की घट्ट होतात, ती यामुळेच.

इटलीतली रूढ पद्धत वेगळी आहे. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि सुमारे १० ग्रॅम मीठ; पास्ता शिजला की पाणी गाळून टाकायचं आणि सॉस दुसऱ्या भांड्यात करायचा. तिथले जाणते स्वयंपाकीही त्या पाण्यातला एखादा डाव बाजूला काढून सॉसमध्ये घालतात, कारण स्टार्चचं मोल त्यांना ठाऊक असतं. एका भांड्याच्या पद्धतीत पाणीच मोजून घालतात, त्यामुळे गाळायला काही उरत नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या ‘मार्था स्टुअर्ट लिव्हिंग’ या मासिकाने दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात पाहिलेली अशी कृती छापली: ३४० ग्रॅम लिंग्विनी, टोमॅटो, कांदा, लसूण, तुळशीच्या कुळातली बेझिलची पानं आणि साडेचार कप पाणी, सगळं एकदमच भांड्यात. नऊ मिनिटांत जेवण तयार. ही कृती जगभर पसरली. तिचं गणित सोपं आहे: पास्त्याच्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी.

पिठाला आकार देऊन ते वाळवून ठेवण्याची कलाही विदर्भाला नवी नाही. उन्हाळ्यात इथे सरगुंडे होतात. घट्ट कणकेची लांब वळी काडीभोवती गुंडाळायची आणि अलगद सोडवायची, की पोकळ नळीसारखा वळसेदार आकार तयार. सरगुंडे उकडून आमरसाबरोबर खातात. पाटावरच्या शेवया, नखाने वळलेल्या नखुल्या, लग्नाच्या रुखवतातले गव्हले आणि मालत्या ही त्याच घराण्यातली मंडळी. गहूदेखील ओळखीचा आहे. चांगला पास्ता डुरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्यापासून होतो. शेवया-कुरडयांसाठी महाराष्ट्रात नावाजलेला बन्सी गहू डुरमच, आणि मध्य प्रदेशातला माळवा तर डुरमचं आगर. इंदूरच्या कृषी संशोधन केंद्राने ‘पूसा तेजस’ हा डुरम वाण दिला, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस ४०२८’. म्हणून पाकिटावर ‘डुरम गव्हाचा रवा’ असं लिहिलेलं पाहूनच पास्ता घ्यावा. नुसत्या मैद्याचा पास्ता एका भांड्याच्या पद्धतीत लवकर गळतो आणि त्याचा लगदा होतो.

राहिलं सॉसेज. मराठी मुलखाच्या शेजारीच, गोव्यात, त्याची मोठी परंपरा आहे. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले. त्यांच्या देशात ‘शोरिसू’ होतं, गोव्यात त्याचं ‘चोरीस’ झालं. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे मीठ, सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, मिरी आणि माडीच्या शिरक्यात मुरवतात, आतड्यात भरतात, दोऱ्याने गाठी मारतात आणि उन्हात किंवा धुरावर सुकवतात. मण्यांच्या माळेसारखी ही चोरीस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेली दिसते. पावसाळ्यात मासळीचा तुटवडा पडतो, त्या दिवसांसाठी करून ठेवायच्या बेगमीत, म्हणजे पुरुमेंतात, तिला मानाची जागा आहे. तिथलं एका भांड्यातलं जेवण म्हणजे चोरीस पुलाव: सॉसेजची चरबी सुटते, त्यात कांदा परततो आणि तोच रस्सा भात पिऊन घेतो. तांदळाच्या जागी पास्ता घातला की झाला घरचा सॉसेज पास्ता.

चार माणसांच्या जेवणासाठी २०० ते २५० ग्रॅम सॉसेज, ३०० ग्रॅम पेने किंवा तसा आखूड पास्ता, दोन कांदे, तीन टोमॅटो, सहा-सात लसणाच्या पाकळ्या आणि सुमारे ९०० मिलिलिटर पाणी पुरे. भांडं रुंद आणि जाड बुडाचं हवं. चोरीस असेल तर वरचं आवरण काढून ती मोकळी करायची आणि थोड्या पाण्यासह मंद आचेवर ठेवायची; चरबी सुटते, वेगळं तेल लागत नाही. चिकनचं सॉसेज असेल तर गोल काप दोन चमचे तेलात परतायचे. कच्चं सॉसेज आतून गुलाबी राहता कामा नये, ते पूर्ण शिजवायलाच हवं. मग कांदा, लसूण आणि शेवटी टोमॅटो. टोमॅटो गळले की कढत पाणी, आणि उकळी फुटली की पास्ता.

इथून पुढची दहा-बारा मिनिटं भांड्यापासून दूर जाऊ नये. पास्ता तळाशी चिकटतो तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत, म्हणून तेव्हा सारखं ढवळायचं, नंतर अधूनमधून. कुकरची शिट्टी घेण्याचा मोह आवरावा. झाकणाखाली पास्ता किती शिजला हे कळत नाही. पाणी आटलं आणि पास्ता कडक असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घालावं, गार नको. चोरीस मुळातच खारट आणि आंबट असते, त्यामुळे मीठ अगदी शेवटी, चाखून. आच बंद केल्यावर मूठभर चीज आणि चिरलेला सांबार घालून तीन-चार मिनिटं झाकण ठेवायचं. तेवढ्यात रस्सा दाटतो आणि पास्त्याला धरून बसतो.

मांस न खाणाऱ्या घरांत सॉसेजची जागा घ्यायला तिगावच्या शिवारात उत्तम गोष्ट पिकते. हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे येतात. ते लसूण-जिऱ्यावर परतून, मूठभर दाणे वाटून रश्श्यात घातले की चवही येते आणि प्रथिनंही. इतर दिवसांत भिजवून उकडलेला राजमा किंवा चणे चालतात. वाळलेली तुरीची डाळ मात्र पास्त्याबरोबर कच्ची टाकू नये. डाळीला पास्त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून वरणफळांत करतात तशी ती आधी शिजवून घ्यावी.

तेव्हा पास्त्यासाठी नवं भांडं आणायची गरज नाही. ज्या गंजात फळं होतात तोच चुलीवर चढवा, पाणी मोजून घाला, आणि त्यातलं थेंबभरही ओतून देऊ नका.