दोष केव्हा सापडला?

पेणच्या कारखान्यांत शाडूची गणेशमूर्ती साच्यातून बाहेर येते, तेव्हा जाणत्या कारागिराची नजर प्रथम सांध्यांवर जाते. तेथे चीर दिसली तर माती पुन्हा मातीत मिसळते. वाया जातात ते घटकाभराचे श्रम. तीच चीर रंगकाम व डोळ्यांची आखणी झाल्यावर उघडकीस आली, तर कित्येक दिवसांची मेहनत फुकट जाते. दोष तोच असतो. त्याची किंमत मात्र तो केव्हा सापडला यावर ठरते. विमान-उद्योगालाही आज हाच हिशेब मांडावा लागत आहे.

२०११ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोईंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा, म्हणजे मुख्यतः कार्बन तंतू व रेझीन यांचा आहे. याच विमानाच्या जमिनीखालील संमिश्र तुळया नागपूरच्या मिहानमध्ये तयार होऊ लागल्या. पंख किंवा सांगाडा यांसारखे मोठे भाग घडविताना यंत्र तंतूंच्या पट्ट्या थरावर थर अंथरते; मग ते भाग दाबाच्या भट्टीत भाजले जातात. एखादी पट्टी पिळवटली, दोन पट्ट्यांत फट राहिली किंवा वेष्टनाचा तुकडा आत अडकला, तर भाजण्यापूर्वी तो थर सोडविता येतो. भाजल्यावर दोष कायमचा घट्ट होतो. म्हणून प्रत्येक थरानंतर यंत्र थांबवून तपासनीसाने विजेरीच्या उजेडात तो न्याहाळायचा, अशी रीत पडली. महिन्याला मोजकीच विमाने बाहेर पडतात तोवर हे परवडते. लहान विमाने मात्र महिन्याला डझनावारी लागतात. ती अशा रीतीने घडवायची तर तपासणीच उत्पादनाची वेसण ठरेल. यास्तव यंत्राच्या डोक्यावरच लेसर व कॅमेरे बसवून अंथरता अंथरताच दोष टिपण्याची पद्धत पुढे आली आहे.

उशिरा सापडलेला दोष किती महाग पडतो, हे बोईंगला पुरते कळले. सांगाड्याच्या जोडांमधील कागदाएवढ्या बारीक फटींच्या प्रश्नात ७८७ चे वितरण २०२१ च्या मे महिन्यात थांबले, ते २०२२ च्या ऑगस्टमध्येच सुरू झाले. जादा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. तो दोष थरांतला नव्हता, जोडणीतला होता; धडा मात्र तोच.

मग तपासनीसाच्या नोकरीचे काय? यंत्र खूण करते. ती खूण म्हणजे खरा दोष की प्रकाशाचा भास, हे ठरविणारा माणूस लागतोच. किंबहुना, दोष कशाला म्हणावे हे यंत्राला प्रथम माणसानेच शिकविलेले असते. नोकऱ्या कदाचित घटतील. उरतील त्यांना अधिक शिक्षण लागेल. प्रश्न आहे तो हे शिक्षण कोणाच्या वाट्याला येणार हा.

रायगड येथे अगदीच रिकाम्या हाताने उभा नाही. रासायनिक कारखान्यांत नळ व दाबपात्रे न फोडता त्यांच्या भिंतींची जाडी श्राव्यातीत ध्वनीने मोजतात. भाजलेल्या संमिश्र भागांतील पोकळ्या शोधण्याचे तत्त्वही तेच. रोह्याजवळची धाटावची रासायनिक वसाहत आणि लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ एकाच जिल्ह्यात आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विनाशरहित चाचणीचा पक्का अभ्यासक्रम उभा राहिला, तर रोह्याच्या मुलाला कळ दाबण्यापुरते नव्हे, तर निर्णय देण्याचे काम मिळू शकेल. शिक्षणातील उणीवही वेळीच सापडलेली बरी. पिढी घडून गेल्यावर ती दुरुस्त करणे फार महाग पडते.