जुन्या फोटोंतला ओसाडपणा

पवईचा तलाव बांधला गेला 1891 च्या सुमारास. त्याच्या तीसेक वर्षे आधीच तिथून उत्तरेकडच्या डोंगरातल्या कान्हेरी लेण्यांपर्यंत कॅमेरा पोहोचला होता. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्यात पुढे असलेल्या विल्यम जॉन्सनने कान्हेरीचेही फोटो काढले. त्या काळातले लेण्यादेवळांचे फोटो पाहिले की एक गोष्ट चटकन जाणवते: बहुतेक ठिकाणी शुकशुकाट. माणूस असलाच तर एखाद्या खांबाला टेकून ताठ उभा. त्यावरून आपण सहज समजून चालतो की ही स्थळे तेव्हा ओसाड होती आणि लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. हा निष्कर्ष घाईचा आहे. या ओसाडपणाचा मोठा वाटा त्या जागेचा नसून फिरत्या फोटोग्राफरच्या कामाच्या पद्धतीचा आहे.

ती पद्धत कशी होती ते पाहू. 1851 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी पुन्हा अंधारात नेऊन चित्र उमटवायचे. हा सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कोलोडियनमध्ये ईथर आणि अल्कोहोल असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते झपाट्याने उडून जाते, म्हणून हाताशी वेळ आणखी कमी. त्यामुळे फोटोग्राफरला अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचा आणि स्वच्छ पाणी सोबत न्यावेच लागे. निगेटिव्ह मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नव्हती. जेवढी काच तेवढाच फोटो, म्हणून काचाही मोठ्या आणि जड. ठाण्यापर्यंत आगगाडी 1853 मध्ये आली होती, पण डोंगरातल्या वाटेवर हे ओझे वाहायला माणसेच हवीत. एका फोटोग्राफरच्या नावामागे अशा अनेक हमालांची मेहनत आहे आणि त्यांची नावे सहसा लिहिलेली सापडत नाहीत.

उजेड कमी असला की काच अनेक सेकंद, लेण्याच्या आत तर कित्येक मिनिटे उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात चालून गेलेला माणूस चित्रात उमटतच नाही. हललेला माणूस धुरासारखा पुसट दिसतो. पॅरिसच्या नादार या फोटोग्राफरने 1860 च्या दशकाच्या आरंभी भुयारांत विजेच्या उजेडात फोटो काढले, तेव्हा कामगारांच्या जागी त्याने पुतळे उभे केले, कारण जिवंत माणूस इतका वेळ निश्चल राहू शकत नाही. म्हणजे रिकामे लेणे हे लोकांच्या अनुपस्थितीचा पुरावा ठरत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: दोष यंत्राला देऊन राज्यकर्त्यांच्या नजरेला सोडून द्यायचे का? नाही. काय टिपायचे हे बऱ्याच अंशी पैसा देणारा ठरवत होता. ईस्ट इंडिया कंपनीला स्मारकांच्या नोंदी हव्या होत्या, म्हणूनच 1855 मध्ये कॅप्टन बिग्ज विजापूरच्या इमारतींचे फोटो काढत होता. जॉन्सनचा ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज’ हा ग्रंथ 1863 आणि 1866 मध्ये दोन भागांत निघाला. त्यात एकीकडे काढलेल्या माणसांच्या प्रतिमा दुसरीकडच्या दृश्यांवर जोडलेल्या आहेत. माणसाला ‘जमातीचा नमुना’ म्हणून मांडण्याची इच्छा राज्यकर्त्यांची, पण ही जोडाजोड करायला भाग पाडले ते तंत्राने. दोन्ही कारणे एकत्र धरल्याशिवाय असा फोटो कळत नाही. शिवाय कॅमेरा केवळ साहेबांच्या हाती नव्हता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 मध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले. मुंबईतले विद्वान भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही नावाजलेले फोटोग्राफर होते. त्यांच्याही काचा तेवढ्याच लवकर वाळत होत्या.

दुसरा आक्षेप असा की इतक्या मर्यादा असलेल्या फोटोंवर विश्वास तरी का ठेवावा? उत्तर अजिंठ्यात आहे. रॉबर्ट गिलने 1844 पासून वर्षानुवर्षे तिथल्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने काढलेले फोटो मात्र छापले गेल्यामुळे टिकले. त्यांतले 74 फोटो 1864 च्या एका ग्रंथात आहेत. दगड कुठे फुटला होता, खांब कुठे ढासळला होता, ते हे फोटो खात्रीने सांगतात. तिथे कोण येत-जात होते, हे विचारण्याची जागा ती नव्हे.

म्हणून जुने फोटो छापणाऱ्या प्रकाशकांनी आणि मांडणाऱ्या संग्रहालयांनी साल व नाव देऊन थांबू नये. फोटो कोणत्या रीतीने काढला आणि कोणासाठी काढला, हेही त्याखाली छापावे. एवढी दोन वाक्ये वाचून मगच वाचकाने आपल्या गावाच्या भूतकाळाबद्दल मत बनवावे.